रंगाच्या बादलीतून आलेला हर्डमानिया : एका समुद्री प्राण्याचे बेळगावातील प्रकरण

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातील एका सोमवारी पदवीच्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी झाकण लावलेली रंगाची बादली घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आली. ती मूळची खानापूर तालुक्यातली. तिचे मामा कारवारजवळ माजाळीला मासेमारी करतात. रविवारी मामांची फायबरची बोट तळ घासण्यासाठी किनाऱ्यावर ओढली होती, आणि पंख्याजवळच्या भागातून पत्र्याने खरवडून काढलेल्या गोळ्यांपैकी काही तिने समुद्राच्या पाण्यासह बादलीत भरून घेतले होते. "सर, हे बटाट्यागत दिसतंय, पण दाबलं की पिचकारी मारतंय बघा," असे म्हणून तिने झाकण काढले. सदाशिवगड, अणशी घाट, जोयडा, रामनगर, लोंढा असा प्रवास करून आलेली ती बादली पुढचे काही दिवस आमच्या विभागाचा विषय होऊन राहिली. त्या दिवसांत काय दिसले, काय चुकले आणि त्यातून या प्राण्याच्या जीवनाविषयी व वस्तीविषयी काय कळले, त्याची ही नोंद आहे.

बादलीत एकूण सात गोळे होते. दोन खरवडताना फाटले होते, तीन प्रवासातच मेलेले दिसत होते आणि दोन जिवंत होते. जिवंत गोळ्याची लांबी सुमारे पाच सेंटिमीटर होती. वरून त्यावर वाळूचे कण, शिंपल्यांचे तुकडे आणि शेवाळ इतके चिकटलेले होते की न सांगता कोणी त्याला प्राणी म्हटले नसते. वरच्या टोकाला मात्र दोन आखूड नळ्या होत्या, त्यांच्या तोंडाशी गुलाबी-तांबडी छटा होती, आणि बोटाचा स्पर्श होताच दोन्ही तोंडे चिमटीत धरल्यासारखी मिटत होती. मामांकडे या प्राण्याला वेगळे नाव नव्हते. शिनाणे (खाण्याचे शिंपले) कामाचे, बाकी सगळी घाण, अशी तिथली सरळ वाटणी आहे आणि मच्छीमाराच्या दृष्टीने ती बरोबरही आहे, कारण तळाला असा थर बसला की बोट जड चालते आणि डिझेल जास्त लागते.

आमच्या कपाटात हर्डमानियाची एक बाटली फार वर्षांपासून आहे. भारतातील प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात पुच्छसमपृष्ठरज्जू प्राण्यांचा, म्हणजे ज्यांच्या पिल्लाच्या शेपटीत पृष्ठरज्जू हा आधाराचा लवचिक दांडा असतो अशांचा, नमुना म्हणून हाच प्राणी शिकवला जातो, आणि त्याला कारण आहे. एस. एम. दास यांनी १९३६ मध्ये या प्राण्याच्या शरीररचनेवर सविस्तर प्रबंधिका लिहिली, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांतील आकृत्या तिच्यावरच उभ्या राहिल्या. नाव विल्यम हर्डमन या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ १८८८ मध्ये ठेवलेले आहे. मी स्वतः अठरा वर्षे ही आकृती फळ्यावर काढत आलो आहे. बाटलीतला प्राणी पांढुरका, आक्रसलेला, तोंडे घट्ट मिटलेली. तो पाहून कोणालाही हा पाणी शोषून घेणारा आणि बाहेर फेकणारा जीव आहे असे वाटणार नाही. त्यामुळे बादलीतल्या गोळ्याने माझ्या शर्टावर पाणी उडवले तेव्हा विद्यार्थ्यांइतकेच मलाही नवल वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

पहिले काम ओळख पटवण्याचे होते. बोटीच्या तळाला चिकटणाऱ्या समुद्री पिचकाऱ्यांमध्ये, म्हणजे हर्डमानियासारख्या पाणी उडवणाऱ्या प्राण्यांमध्ये, अनेक कुळे असतात आणि चामड्यासारखे कवच एवढ्यावरून काही ठरत नाही. फाटलेल्या दोन नमुन्यांपैकी एक उभा उघडला. दोन्ही नळ्यांच्या तोंडांना चार-चार पाळ्या होत्या, आत घेणाऱ्या नळीच्या तळाशी असलेले स्पर्शक झाडाच्या फांद्यांसारखे फाटे फुटलेले होते, आणि गाळणीसारख्या ग्रसनीच्या, म्हणजे घशाच्या पोकळीच्या, भिंतीवर प्रत्येक बाजूला चारापेक्षा जास्त उभ्या घड्या होत्या. साधे, बिनफाट्याचे स्पर्शक आणि चार किंवा त्याहून कमी घड्या असत्या तर तो शेजारच्या, स्टायेला प्रकारच्या कुळातला ठरला असता. शेवटचा पुरावा प्रावारात, म्हणजे कवचाच्या आतल्या मांसल आवरणात मिळाला. त्याचा तुकडा काचपट्टीवर दाबला तेव्हा त्यात दोन्ही टोकांना निमुळत्या झालेल्या, दीड-दोन मिलिमीटर लांबीच्या सुया खच्चून भरलेल्या दिसल्या. भिंगाखाली प्रत्येक सुईवर बारीक काट्यांची वलये ओळीने होती. शरीरभर अशा चुनखडी सुया असणे ही हर्डमानियाची खूण आहे. मोमस आणि पॅलिडा या दोन जाती जुन्या पुस्तकांत बऱ्याचदा एकच मानलेल्या आढळतात. पुढे नळ्यांच्या अस्तरावरील अतिसूक्ष्म काट्यांच्या मापावरून त्या वेगळ्या केल्या गेल्या. ते माप घेण्याजोगा सूक्ष्मदर्शक आमच्याकडे नसल्याने चिठ्ठीवर फक्त 'हर्डमानिया' एवढेच लिहिले.

त्यानंतर जिवंत नमुना त्याच्याच पाण्यासह काचेच्या पसरट भांड्यात ठेवला आणि अर्धा तास कोणी हात लावायचा नाही असे ठरले. हळूहळू दोन्ही नळ्या ताठ झाल्या आणि तोंडे उघडली. एका विद्यार्थ्याने ड्रॉपरने दुधाचा एक थेंब वरच्या तोंडाजवळ सोडला. तो पांढरा धागा सरळ आत ओढला गेला, काही वेळ काहीच दिसले नाही, आणि मग शेजारच्या तोंडातून पाण्याचा प्रवाह बाहेर पडताना त्यात दुधाचा मागमूसही जवळपास नव्हता. आकृतीतील बाणांचा अर्थ त्या एका थेंबाने जितका कळला तितका माझ्या तासांनी कधी कळला नसावा. आत गेलेले पाणी ग्रसनीच्या असंख्य कल्लविदरांमधून, म्हणजे बारीक फटींमधून, गाळले जाते. हे ओढण्याचे काम स्नायू करत नाहीत, विदरांच्या कडांवरील केसल, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू, सतत हलत राहून करतात. ग्रसनीच्या एका बाजूला अंतःखाच नावाची चर आहे. तिच्यातून सतत श्लेष्माची जाळी विणली जाते आणि पाण्यातील वनस्पतिप्लवक व जिवाणू त्या जाळीत अडकतात. अन्नाने भरलेली ती जाळी दोरीसारखी वळून पोटाकडे जाते, तर गाळलेले पाणी, विष्ठा आणि योग्य वेळी अंडी व शुक्राणू दुसऱ्या तोंडातून बाहेर पडतात. ही अंतःखाच आयोडीन गोळा करते आणि आपल्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथीची ती पूर्वज-रचना मानली जाते. बटाट्यासारख्या या प्राण्याचे आपल्याशी नाते आहे ते असे जागोजागी.

याच दुपारी माझ्याकडून चूक झाली. बादलीतले पाणी कमी आहे, दोन प्राण्यांना पुरणार नाही, म्हणून दुसऱ्या जिवंत नमुन्यासाठी मी कृत्रिम समुद्रपाणी तयार करायचे ठरवले. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात एवढा हिशोब धरून नळाच्या पाण्यात तेवढे स्वयंपाकाचे मीठ विरघळवले आणि नमुना त्यात सोडला. बेळगावच्या नळाला येणारे पाणी राकसकोप किंवा हिडकल धरणाचे, शुद्ध करण्यासाठी क्लोरीन घातलेले. तोंडे तासाभरात उघडली, तेव्हा मला बरे वाटले. पण ती उघडी राहिली ती राहिलीच. संध्याकाळी सुईने टोचले तरी मिटली नाहीत, आणि नळ्या लोंबून एका बाजूला कलल्या होत्या. निरोगी प्राण्याची तोंडे उघडी असतात आणि मेलेल्याचीही उघडी असतात. फरक असतो तो स्पर्शानंतर मिटण्यात.

यामागचे कारण विद्यार्थ्यांना दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडून दाखवले, कारण ते या प्राण्याच्या संपूर्ण जीवनाच्या मुळाशी आहे. समुद्राच्या क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के वजन सोडियम आणि क्लोराइडचे असले तरी उरलेल्या भागात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम आणि पोटॅशियम आहेत, आणि स्नायूंचे आकुंचन व केसलांची हालचाल यांच्यावाचून होत नाही. माशाला मूत्रपिंडे आणि कल्ल्यांतील खास पेशी असल्यामुळे तो अंगातील क्षारांचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा वेगळे राखू शकतो. समुद्री पिचकारीला तसे करता येत नाही; तिच्या अंगातील द्रव बाहेरच्या पाण्याशी क्षारतेने समान होतो आणि पाणी बदलले की तीही बदलते. वाईट पाणी आले तर तिच्या हाती एकच उपाय असतो, दोन्ही तोंडे मिटून काही तास थांबणे. ते पाणी तेवढ्यात निघून गेले तर ती वाचते. माझ्या भांड्यातून ते निघून जाणार नव्हते.

पहिला जिवंत नमुना मूळ पाण्यातच, मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेला हवेचा पंप लावून, खिडकीपासून दूर ठेवला होता. डिसेंबरातील बेळगावची रात्र कारवारच्या मानाने चांगलीच गार असते आणि हा उष्णकटिबंधातील प्राणी आहे, म्हणून भांड्याभोवती गोणपाटही गुंडाळले. तो बुधवारी सकाळपर्यंत प्रतिसाद देत होता.

सुयांच्या संदर्भातील गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. ताज्या नमुन्यात सुया इतक्या स्पष्ट दिसल्या, तर जुन्या बाटलीतल्या प्राण्यात त्या का दिसत नाहीत, असा प्रश्न एका मुलाने विचारला. आतापर्यंत प्रात्यक्षिकाला सुयांची तयार काचपट्टी ठेवली जात असे आणि मुले तक्त्यावरून आकृती काढत असत, त्यामुळे हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. बाटलीतील प्राण्याचा एक तुकडा काढून पाहिला. प्रावार होता, स्नायू होते, सुया मात्र नव्हत्या, त्यांच्या जागी लांबट पोकळ्या होत्या. बाटलीतल्या द्रवात निळा लिटमस बुडवला तो ताबडतोब तांबडा झाला. फॉर्मेलिन वर्षानुवर्षे तसेच ठेवले की त्यात फॉर्मिक आम्ल तयार होते आणि ते चुन्याच्या रचना हळूहळू विरघळवते; टाकणखार घालून ते आम्ल मारणे हा त्यावरचा जुना आणि स्वस्त इलाज आहे, तो कोणी केला नव्हता. हर्डमानियाच्या सुयांच्या बाबतीत हे आणखी लवकर होते. त्या कॅल्शियम कार्बोनेटच्याच असल्या तरी त्यांचा मोठा भाग व्हॅटेराइट या अस्थिर रूपातील असतो, जे सजीवांमध्ये क्वचित आढळते आणि या प्राण्यात ते असल्याचे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. ताज्या तुकड्यावर आम्ही सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला. सुयांच्या कडेने बुडबुड्यांच्या माळा उठल्या आणि मिनिटाभरात तिथे तशाच लांबट पोकळ्या उरल्या. बाटलीत जे अनेक वर्षांत घडले होते ते मुलांनी डोळ्यांसमोर घडताना पाहिले.

आता वस्तीचा प्रश्न. हा प्राणी बोटीच्या तळाला, तोही पंख्याजवळ, का सापडला? याचे उत्तर त्याच्या बालपणात आहे. हर्डमानिया उभयलिंगी असला तरी अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडले जातात आणि फलन बाहेर होते. अंड्यातून बाहेर पडणारा डिंभ बेडकाच्या पिल्लासारखा, शेपूट असलेला असतो. शेपटीत पृष्ठरज्जू, त्याच्यावर पोकळ चेतारज्जू, डोक्यात प्रकाश ओळखणारा एक ठिपका आणि तोल सांभाळणारा एक कण. अलेक्झांडर कोवालेव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये अशा डिंभांची वाढ तपासून दाखवेपर्यंत समुद्री पिचकाऱ्या शंख-शिंपल्यांच्या गोतावळ्यात मोडत होत्या. त्याच्या कामामुळे त्या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या नात्यात आल्या, आणि २००६ मध्ये जनुकांच्या तुलनेतून त्या अँफिऑक्सस या माशासारख्या छोट्या समुद्री प्राण्यापेक्षाही आपल्याला जवळच्या असल्याचे दिसले. आपल्याकडच्या नोट्समध्ये अजूनही बहुधा उलटाच क्रम असतो.

हा डिंभ काही खात नाही. त्याच्याकडे फक्त काही तास असतात आणि तेवढ्यात त्याला कायमची जागा शोधायची असते. सुरुवातीला तो वर पोहतो, नंतर प्रकाशापासून दूर जाऊ लागतो आणि एखाद्या कठीण, सावलीतल्या पृष्ठभागाला डोक्यावरच्या चिकट उंचवट्यांनी धरतो. त्यानंतर शेपूट आणि पृष्ठरज्जू शरीरात शोषले जातात, चेतारज्जूचा बराचसा भाग जाऊन एक गंडिका (चेतापेशींची गाठ) उरते, आणि आतले अवयव फिरून तोंडे वरच्या बाजूला येतात. पुस्तके याला 'प्रतिगामी रूपांतरण' म्हणतात. बादलीतला प्राणी पाहिल्यानंतर मला हा शब्द खटकू लागला आहे. शेपूट गेली हे खरे, पण त्याच वेळी ग्रसनी, कल्लविदरे, प्रजननग्रंथी आणि सेल्युलोजचे कवच तयार झाले. वनस्पतीतच असतो असे आपण शिकवतो तो सेल्युलोज या प्राण्याच्या कवचात असल्याचे १८४५ मध्येच कळले होते. ज्याला एका जागी बसून पाणी गाळायचे आहे त्याच्या दृष्टीने शेपूट टाकणे ही माघार नव्हे.

सावली, कठीण आधार आणि सतत हलणारे पाणी या तिन्ही अटी बोटीच्या तळाइतक्या क्वचितच कुठे पूर्ण होतात. नैसर्गिक समुद्रात तो खडकांच्या कपारीत, प्रवाळांच्या खालच्या बाजूला किंवा वाळूत पायासारखा फुगवटा रोवून राहतो. मन्नारच्या आखातात तर जिवंत शंखाच्या पाठीवर बसलेला सापडतो आणि शंख चालेल तसा फिरतो. डिंभाचे आयुष्य काही तासांचे असल्याने स्वतःच्या पोहण्याने तो दूर जाऊ शकत नाही, परंतु प्रौढ प्राणी जहाजाच्या तळाला चिकटून हजारो किलोमीटर जातो. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यानंतर तांबड्या समुद्रातील मोमस जात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचली आणि तिथे आता ती परकी जात म्हणून नोंदली जाते.

माजाळीच्या नमुन्यांचे वय किती असावे, हे मामांशी फोनवर बोलताना उलगडले. "जुलैच्या शेवटाक तळाक रंग लायलो," असे त्यांनी सांगितले. कर्नाटकच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते; त्या काळात बोट खाडीत आत नेऊन ठेवतात. पावसाळ्यात खाडीत ठेवलेल्या बोटीचा तळ आपोआप बराचसा साफ होतो, हे त्यांना पिढीजात माहीत आहे. मुलांना त्याचे कारण माझ्या फसलेल्या भांड्यामुळे लगेच समजले. जोयड्याच्या डोंगरात पडलेला पाऊस काळी नदीतून उतरतो, कारवारच्या कोडीबागजवळ खाडीच्या तोंडाशी पाणी आठवडेच्या आठवडे गोडे होते, आणि तोंडे मिटून काही तास काढण्याची युक्ती तिथे पुरी पडत नाही. म्हणजे ऑगस्टमध्ये बोट समुद्रात उतरली तेव्हा तळ कोरा होता आणि आमचे नमुने फार तर चार-साडेचार महिन्यांचे होते. हेच आपल्या तालुक्याला लागू करून पाहिले तर खानापूरच्या देगावजवळ उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. पणजीच्या धक्क्याखाली पावसाळ्यात समुद्री पिचकाऱ्यांना जो फटका बसतो त्यात त्या विद्यार्थिनीच्या गावच्या पावसाचाही वाटा असतो. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर बसून समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांना एवढा धागा पुरेसा आहे.

जिवंत नमुना बुधवारी टिकवण्यासाठी घेतला. तो थेट द्रवात टाकला तर तोंडे मिटून आक्रसतो, म्हणून भांड्यातील पाण्यावर पुदिन्याचे फूल, म्हणजे मेन्थॉल, चुरून टाकले; काष्ठौषधींच्या दुकानात अमृतधारेसाठी मिळते तेच. काही तासांत तो तोंडे उघडी ठेवूनच बधिर झाला आणि मग त्याला अल्कोहोलमध्ये ठेवले, म्हणजे सुया शाबूत राहतील. जुनी बाटली काढून टाकलेली नाही. ती नव्या बाटलीशेजारी ठेवली आहे आणि तिच्या चिठ्ठीखाली 'सुया आम्लामुळे विरघळलेल्या' अशी ओळ जोडली आहे.

जानेवारीत मामांनी आमच्या विनंतीवरून दोन मंगळुरी कौले नायलॉनच्या दोरीने धक्क्याखाली आडवी टांगली. एक दोरी तुटून गेले. दुसरे शिमग्याच्या सुट्टीनंतर बेळगावला आले. वरच्या बाजूला गाळ आणि हिरवे शेवाळ होते. खालच्या, सावलीच्या बाजूला बार्नॅकल या कडक कवचाच्या, चिकटून बसणाऱ्या प्राण्यांच्या मधे टाचणीच्या डोक्यापासून हरभऱ्याएवढे काही अर्धपारदर्शक उंचवटे बसलेले होते. ते कोणत्या जातीचे हे एवढ्या वयात सांगता येण्यासारखे नव्हते. हरभऱ्याएवढ्या एकाला सुईचे टोक लावताच त्याची दोन्ही तोंडे मिटली. या वेळी विद्यार्थिनीने बादलीबरोबर समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन भरून आणले होते.